रकाना

सातपूरच्या कारखान्यात मी दिवसभर शाफ्ट मोजतो.
गेजमधून जातो, किंवा जात नाही.
माझ्या नोकरीत एवढीच दोन वाक्यं.
पाचला पंच करून
पपया नर्सरीच्या सिग्नलवरून वळतो,
शाळेच्या मैदानावर मुली बेसबॉल खेळतात
आणि मी लिंबाखाली बसून त्यांची वही लिहितो.

खैरनार सर म्हणतात, नजर हवी, नजर.
पोरगी बॅट कशी उचलते ते बघा, खांदा बघा,
चेंडू लागला की आवाज ऐका.
सरांची नजर वाईट नाही.
फक्त ती आवाजामागे पळते.

जाई पेखळेचा आवाज होत नाही.
जाड चष्मा, बारीक मनगटं,
वडील निमाणीजवळ पंक्चर काढतात.
ती प्लेटपाशी येते, बॅट खांद्यावर ठेवते
आणि उभी राहते.
एक बॉल. दोन.
मधला एक स्ट्राईक, तोही बघून सोडलेला.
तीन. चार.
मग बॅट हळूच खाली ठेवून
भाजी घेऊन घरी निघाल्यासारखी
पहिल्या बेसवर चालत जाते.
टाळी नाही.
छापील वहीत फटक्याला रकाना होता,
न मारण्याला नव्हता.
मी पेन्सिलने एक रेघ वाढवली.

दोन हिवाळे. एकतीस सामने.
एकशे अठरा वेळा ती प्लेटवर आली,
त्रेपन्न वेळा बेसवर पोचली.
शंभरात पंचेचाळीस.
बाकीच्या पोरी तिशीच्या आसपास.
सामन्यात एकवीस बाद मिळतात खर्चायला,
पंक्चरवाल्याच्या या पोरीइतका
काटकसरीचा हात
अख्ख्या संघात कुणाचा नाही.

आता केतकीचं सांगतो. माझ्या बहिणीची मुलगी.
पहिल्या हिवाळ्यात सर तिला वाघीण म्हणायचे,
पेपरात फोटो आला, तो फ्रिजवर लागला.
वही माझ्याकडे होती.
तिचे दहातले सहा चेंडू
दोघींच्या मधल्या रिकाम्या गवतात पडत होते.
इतके कुणाचेच पडत नाहीत.
ओळीने दहा नग अगदी बरोबर आले
की मी मशीनचं कौतुक करत नाही,
आधी गेज तपासतो.
हे मला कळलं होतं दिवाळीच्या आधी.
दिवाळीला मी ताईकडे गेलो,
फ्रिजवरचा फोटो बघितला,
अनारसे खाल्ले.

दुसऱ्या हिवाळ्यात तोच खांदा, तोच जोर,
आणि चेंडू नेमके हातात.
मामा, माझं काय चुकलं?
काहीच नाही चुकलं, केतकी.
आधी तेवढं बरोबरही नव्हतं.
हे वाक्य मी अजून
कुठल्याही ओट्यापाशी उभा राहून म्हणू शकलेलो नाही.
सराव कर, म्हणालो.

जिल्ह्याच्या यादीच्या आदल्या संध्याकाळी
वही सरांपुढे ठेवली.
त्यांनी पानं उलटली, मागे गेले, पुन्हा पुढे आले.
"हे सगळं नुसतं उभं राहण्याचं?"
हो सर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग अकरा नावांखाली बारावं लिहिलं,
पेन न उचलता, चिडल्यासारखं.

आडगावचं मैदान, बोचरा गारठा,
बाजूच्या द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर.
बेस भरलेले, दोघी बाद, तीन बॉल झालेले.
आणखी एक सोडला असता तर धाव फुकट होती.
चौथा आला तोही बाहेर,
मी रेघ ओढायला पेन्सिल टेकवली,
आणि जाईने बॅट फिरवली.

आवाज झाला.
सर खुर्चीतून उठले.
चेंडू उंच गेला, उंचच राहिला,
आणि मधल्या मुलीने दोन पावलं मागे जाऊन
निवांत झेलला.

का गं, मी विचारलं. सोडायचा होता ना?
"कळलं होतं काका, बाहेरचा आहे ते.
एकदा लागून बघायचा होता."

मी वहीत लिहिलं: बाद.
पंचेचाळीसचे साडेचव्वेचाळीस झाले.
निमाणीपर्यंतच्या बसमध्ये ती
खिडकीशी बसून सगळा वेळ
उजवा तळहात उघडून बघत होती.